मैदान, संडास आणि स्मरणरंजन

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा दूरध्वनी आला. 'हरवलेली मैदाने' असा एक विभाग करीत आहोत, आपण गिरणगावातल्या, तेव्हा आपल्या चाळीसमोरच्या मैदानावर दीड हजार शब्द द्यावेत, अशी त्यांची विनंती होती. बोलणे संपताना ते सहजपणे म्हणाले, "बाई, थोडं हळवं येऊ द्या." मी लेख दिला नाही. का दिला नाही हे त्यांना दूरध्वनीवर नीट सांगता आले नाही, म्हणून हा प्रपंच.

मराठीत मैदानाच्या आठवणींचा एक पक्का साचा तयार झालेला आहे. संध्याकाळचे तिरपे ऊन, तांबडी माती, फुटलेले गुडघे, शेजारच्या काकांच्या खिडकीची काच, दिवेलागणीला गॅलरीतून येणारी आईची हाक. सगळे काही 'आम्ही' या सर्वनामात. मग एक परिच्छेद सोडून लेखक मोठा होतो, नोकरीनिमित्त दूर जातो, बऱ्याच वर्षांनी परततो आणि 'आज तिथे टॉवर उभा आहे' या वाक्याशी येऊन थांबतो. हे वाक्य आता इतके सरावाचे झाले आहे की वर्गात ते अर्धे वाचले तरी उरलेले अर्धे विद्यार्थी पूर्ण करतात. गेली अठरा वर्षे मी पदवीच्या वर्गाला ललितगद्य शिकवीत आहे, आणि 'या लेखातील भावविश्व उलगडून दाखवा' हा दहा गुणांचा प्रश्न मी स्वतः किती वेळा काढला असेल याची गणती नाही. तेव्हा पुढे जे आरोप करणार आहे त्यात मी स्वतःला वगळत नाही.

माझा आरोप असा की, या लेखनात मैदान नसतेच. छायाचित्रकाराच्या दुकानात पूर्वी मागे रंगवलेला पडदा असे, त्यावर कधी ताजमहाल, कधी काश्मीर. पुढे बसलेल्या माणसाचा फोटो निघे. आपल्या स्मरणरंजनात मैदान असे पडद्यावर असते आणि फोटो आठवणाऱ्याचा निघतो. तो बहुधा पुरुष असतो, पन्नाशीपुढचा असतो, आणि ज्या टॉवरबद्दल तो हळहळतो त्याच्याच आसपासच्या एखाद्या टॉवरमध्ये पुष्कळदा राहतही असतो. त्यात गैर काही नाही. मात्र तो मजकूर त्या लेखात कुठेच येत नाही, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नव्हे.

आमचे मैदान काय होते ते आधी सांगते. लालबाग-परळच्या बाजूला दोन चाळी समोरासमोर, तिसऱ्या अंगाला रस्ता आणि चौथ्या अंगाला गिरणीची दगडी भिंत, तिच्या माथ्यावर काचांचे तुकडे रोवलेले. मधली मोकळी जागा कबड्डीच्या एका क्रीडांगणाहून फारशी मोठी नव्हती. कबड्डीला तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद एवढी जमीन पुरते. बॅट, पॅड, गोलखांब, जाळे यांतले काहीही लागत नाही. गिरणगावात हा खेळ एवढा रुजला याचे श्रेय मराठी मातीला, रक्ताला वगैरे देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला मात्र त्याचे कारण या क्षेत्रफळात अधिक सापडते. स्पर्धेच्या आधी मुले माती चाळणीने चाळत, पाणी शिंपडत, फक्कीने रेषा आखत. सामना रात्री दिव्यांच्या उजेडात होई आणि दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी वाकत.

आता हे सगळे 'आम्ही' करीत नव्हतो. मी गॅलरीत होते. आमच्या चाळीतल्या एकाही मुलीने त्या मातीत संध्याकाळी पाय टाकलेला मला आठवत नाही. लंगडी आणि सागरगोटे हे आमचे खेळ. पहिला चाळीमागच्या बोळात आणि दुसरा जिन्याखाली. मैदानाची संध्याकाळ मुलांची होती, हे कोणी कधी बोलून दाखवले नव्हते, कारण बोलून दाखवण्याची वेळच आली नाही. परंतु मैदानाला फक्त संध्याकाळ नसते. सकाळी तिथे पाण्याची रांग लागे. दुपारी बायकांचे राज्य असे. मे महिन्यात जुनी लुगडी अंथरून कुरडया, पापड, सांडगे घातले जात, आणि कावळे हाकायला आम्हा मुलींना बसवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत साचेखात्यातले माझे वडीलही होते, आणि ते परत आत गेले नाहीत. आईने डबे द्यायला सुरुवात केली. त्या डब्यांचे तांदूळ-गहू निवडणे, मिरच्या वाळवणे, मसाला कुटणे हे सर्व त्याच जमिनीवर चाले. रात्री खोलीत न मावणारे पुरुष तिथेच सतरंज्या टाकून झोपत. म्हणजे चोवीस तासांत ती एकच जमीन पाणवठा, वाळवणाचे अंगण, कबड्डीचे मैदान आणि शयनगृह अशी चार वेळा रूप पालटत असे. तिची नावेही त्याप्रमाणे वेगळी होती. आई तिला 'पटांगण' म्हणे, मुले 'ग्राउंड' म्हणत, मंडळाच्या पावतीपुस्तकावर 'क्रीडांगण' असे छापलेले होते, आणि घरमालकाच्या भाडेपावतीवर तिचा उल्लेखच नव्हता. स्मरणरंजनाने यांतले एकच नाव आणि एकच वेळ उचलली, आणि बाकीचे एकवीस तास पुसून टाकले.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना आजही हात आखडतो. आमच्या मंडळाचा सर्वांत चांगला चढाईपटू चाळीतला नव्हता. रस्त्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला होता. स्पर्धेच्या रात्री त्याच्या नावाने गॅलऱ्या दणाणत. गणपतीत आरतीचा मान कोणाचा याची जी यादी फळ्यावर लागे तीत त्याचे नाव कधी आले नाही, आणि ते का नाही असा प्रश्न मलाही तेव्हा पडला नाही. माझे वडील साचेखात्यात होते, हे मी बरीच वर्षे अभिमानाने सांगत असे. पुढे वाचनात आले की एके काळी साचेखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेशच नसे, कारण धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ आड येई. डॉ. आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित केला होता. माझ्या वडिलांच्या काळापर्यंत तो नियम गेला असला, तरी कोणती वस्ती रस्त्याच्या कोणत्या बाजूला बसली हे त्याच नियमाच्या सावलीत ठरले होते. आमचे मैदान त्या रस्त्याच्या अलीकडे होते. 'जातिधर्म विसरून आम्ही मातीत एक झालो' हे वाक्य आपल्या मैदान-लेखांत जवळजवळ अनिवार्य असते. माती एकच होती हे खरे, परंतु तिच्यावर पाय ठेवण्याच्या अटी एक नव्हत्या.

आता ते गेले कसे, याविषयी. साच्यातले उत्तर 'बिल्डरने गिळले' असे आहे. आमच्याकडे बिल्डर सर्वांत शेवटी आला. पहिल्यांदा मंडळानेच पत्र्याची शेड उभारून एका कोपऱ्यात कार्यालय थाटले. कॅरमचा बोर्ड आणि वर्तमानपत्रे ठेवायला ते हवेच होते. मग शेडशेजारी छोटेसे देऊळ आले, देवळापुढे लाद्या बसल्या, आणि लाद्यांवर कबड्डी खेळता येत नाही. मग एका निवडणुकीच्या सुमारास लोकप्रतिनिधीच्या निधीतून एक बंदिस्त बांधकाम झाले. त्याच्या उद्घाटनाला आम्ही सगळे नटूनथटून गेलो होतो. उरलेल्या पट्ट्यात मोटारसायकली आणि एक टेम्पो उभा राहू लागला. मुले तोवर गिरणीच्या भिंतीला स्टंप काढून रबरी चेंडूने खेळू लागली होती. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा गिळण्यासाठी मैदान शिल्लकच नव्हते.

पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर आमच्या खोलीतर्फे माझ्या भावाची सही आहे. मी विरोध केला नाही. इथे मला तो शब्द लिहावा लागतो, जो मैदानांच्या ललितलेखांत कधीही येत नाही : संडास. 'शौचालय' असे लिहिले असते तर कदाचित संपादकांना चालले असते, पण चाळीत त्याला कोणी शौचालय म्हणत नव्हते. मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, बाहेर बादल्यांची रांग, रात्री दिवा गेलेला. साठी उलटलेली, गुडघे धरलेली माझी आई रात्री दोनदा त्या अंधाऱ्या गॅलरीतून भिंतीला हात लावत जाई. संमतीपत्र आले तेव्हा माझ्या मनात कबड्डीचे दिवे आले नाहीत. घरातला संडास आला. आज आई त्या इमारतीत राहते, घरात संडास आहे, त्याला आतून कडी आहे, आणि या गोष्टीबद्दल मला तिळमात्र अपराधी वाटत नाही. 'आज तिथे टॉवर उभा आहे' हे वाक्य हळहळीच्या सुरात मी लिहिले असते, तर ते माझ्या आईच्या गुडघ्यांशी केलेले खोटेपण ठरले असते.

काही वाचक इथे समाधानाने मान डोलावतील. म्हणतील, झाले तर! प्रगतीला किंमत असतेच, घर हवे तर मैदान सोडा. हीच ती गोष्ट, जिच्याविरुद्ध हा लेख आहे. मैदान की संडास, असा प्रश्न आमच्यापुढे ठेवला गेला आणि आम्ही संडास निवडला. प्रश्न तसाच ठेवणे भाग होते का, हे ना आम्ही विचारले, ना आमच्या साहित्याने.

भिंतीपलीकडे काय होते ते पाहा. मुंबईत कापडगिरण्यांच्या ताब्यात सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. स्थूलपणे त्याचा अर्थ असा होता की गिरणीची जमीन विकासासाठी मोकळी झाली तर तिचे तीन वाटे करावेत : एक मोकळ्या जागा व सार्वजनिक सोयींसाठी महानगरपालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा सुटा सुटा विचार न करता एकत्र आराखडा करावा असे सुचवले. ते बाजूला पडले. २००१ साली नियमात बदल झाला आणि हे तीन वाटे गिरणीच्या सगळ्या जमिनीचे न होता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचे करायचे ठरले. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली. गिरणी म्हणजे मुख्यतः शेडच, तेव्हा सार्वजनिक वाटा किती आक्रसला असेल हे सांगायला गणिताच्या प्राध्यापकांची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये या बदलाच्या विरोधात निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. ज्या भिंतीवर आमची मुले स्टंप काढीत होती, त्या भिंतीच्या पलीकडे शेकडो मैदाने आणि हजारो संडास एकाच वेळी मावतील एवढी जमीन होती. निवड मैदान आणि संडास यांच्यात कधीच नव्हती. ती तशी दिसावी अशी व्यवस्था एका नियमातल्या काही शब्दांनी केली.

साहित्याच्या प्राध्यापकांना शब्दांत रस असतो असे म्हणतात, म्हणून आणखी एक शब्द पुढे ठेवते : 'व्यपगत'. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या १२७व्या कलमानुसार, विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित केलेली खाजगी जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतरच्या मुदतीतही संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. मुदत मुळात सहा महिन्यांची होती, नंतर दुरुस्त्या करून वाढवली गेली. म्हणजे एखादे मैदान कोणीही न खोदता, कोणीही न गिळता, केवळ कोणी तरी उत्तर न दिल्यामुळे मरू शकते. शोकान्तिकेवर वर्षानुवर्षे व्याख्याने देणाऱ्या आपल्या विभागांत या मृत्यूची दखल घेणारी एक तरी टिपणी लिहिली गेली आहे का? आमच्या जागेच्या नशिबी तर तेही नव्हते. एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, "मॅडम, ती जागा होती कोणाची?" आणि इतकी वर्षे त्या जागेवर बोलणाऱ्या मला उत्तर येईना. मग मी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढले, आराखड्याचा नकाशा पाहिला. ती जागा चाळींच्याच भूखंडात धरलेली होती. नकाशावर तिथे हिरवा रंग नाही. आमचे मैदान कागदावर कधी नव्हतेच, त्यामुळे ते गेल्याचीही कुठे नोंद नाही.

साहित्य म्हणजे महसूल खाते नव्हे, असा आक्षेप येणार हे ठाऊक आहे. सातबारा उताऱ्यातून कविता निघत नाही, हे मला मान्य आहे. पण मैदानाविषयीच्या लेखनाची या शहरातली परंपरा हळवेपणापासून सुरू होत नाही, ती तक्रारअर्जापासून सुरू होते. १८८०च्या दशकात एस्प्लनेडवर देशी मुले जिथे क्रिकेट खेळत, तिथे गोरे साहेब पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी जमीन उखडू लागली. शेकडो सह्यांचे अर्ज सरकारकडे गेले, निर्णय एकदा खेळाडूंच्या बाजूने लागला, मग पुन्हा फिरला. या सर्व झगड्याचा वृत्तान्त शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने छापला आणि 'पोलो विरुद्ध क्रिकेट' हा झगडा थेट पुस्तकाच्या नावातच घातला. त्यांच्या त्या वृत्तान्तामुळेच रामचंद्र गुहा यांना शंभर वर्षांनी तो झगडा नव्याने सांगता आला. शापूरजींनी हळवे होऊन 'आमचे बालपण तुडवले गेले' एवढेच लिहिले असते, तर आज आपल्या हाती काय लागले असते?

अर्थात त्या अर्जांनाही आपल्या मर्यादा होत्या. नंतर समुद्रालगत ज्या जागा मिळाल्या त्या पारशी, मुसलमान, हिंदू अशा जमातवार मिळाल्या. त्या अर्जांच्या दुनियेत पालवणकर बाळूंसारख्यांना जागा कुठे होती? तिकडे पुण्यात बाळूंचा मैदानाशी पहिला संबंध खेळपट्टी झाडण्याचा आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचा होता, महिना तीन-चार रुपयांवर. पुढे ते हिंदूंच्या संघाचे आघाडीचे गोलंदाज झाले, तरी चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळा, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. मैदान कोण झाडीत होते, हा प्रश्न आपल्या ललितगद्याला शंभर वर्षांत फारसा पडलेला नाही.

मराठीत पर्याय नाहीत असेही नाही. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) नाक्यावरच्या मुलांना तेजोवलय चढवले नाही, म्हणून त्यावर अश्लीलतेचे खापर फुटले. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) गिरणी बंद पडल्यावर कामगाराच्या घरातली तरुण मुले कशी अधांतरी होतात ते दिसते, आणि तिथे कोणी हुंदका देऊन सुटका करून घेत नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास गोळा केला. त्यांत बायका बोलतात, डबेवाल्या खाणावळीणी बोलतात. ही पुस्तके आपल्या अभ्यासक्रमात अधूनमधून येतात आणि जातात. मैदानावरचा हळवा धडा मात्र शाळेपासून पदव्युत्तरपर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून असतो.

हळवेपणाचा मला तिटकारा आहे असे कोणी समजू नये. फक्कीचा तो ओला वास आजही कुठे आला तर मी थबकते. अडचण अशी की, या हळवेपणाला आता दुसरे गिऱ्हाईक मिळाले आहे. टॉवरच्या जाहिरातीत विटीदांडू खेळणारी मुले असतात, वाहनतळाच्या छतावर हिरवळ अंथरून तिला मोकळे आकाश म्हणून विकले जाते. करमणुकीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, वरच्या पोडियमवर चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली एका मुंबईच्याच प्रकरणात सांगावे लागले. ज्या शब्दांनी आपण मैदान गमावल्याचे दुःख सांगतो, त्याच शब्दांनी ते गमावून मिळालेली सदनिका विकता येते, तेव्हा त्या शब्दांत काही तरी निसटून गेलेले असते. अशा शब्दांना वर्गात दहापैकी आठ गुण देताना माझा हात आता अडखळतो.

यंदा मी तो प्रश्न काढला नाही. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगितले की आपापल्या वस्तीतली एखादी नाहीशी झालेली मोकळी जागा घ्या. ती कोणाच्या नावावर होती ते शोधा, दिवसाच्या कोणत्या वेळी तिथे कोण असे ते वडीलधाऱ्यांना विचारा, कोणाला तिथे येता येत नसे ते विचारा, आणि ती जाताना तुमच्या घरातल्या कोणी कशावर सही केली तेही विचारा. शेवटच्या प्रश्नावर तीन विद्यार्थ्यांच्या घरी वाद झाले असे कानावर आले. एकाने विषय बदलून मागितला, मी बदलून दिला नाही.

विद्यार्थ्यांना सांगितलेले आपणही करावे म्हणून आईला विचारले, आपल्या मैदानाबद्दल तुला काय आठवते. ती मटार सोलत होती. म्हणाली, "मैदान कसलं गं? पटांगण होतं ते. आणि त्या मेल्या पोरांनी दोन वर्षं माझ्या कुरडया तुडवल्या, तेव्हा तुझा भाऊ पण होता त्यांच्यात. हे लिही."